जीसीच्या इंजेक्टरमधला दोष शोधताना

गॅस क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक मोजणाऱ्या जीसीचे, आकडे बिघडले की बहुतेक प्रयोगशाळांत संशय आधी घटक वेगळे करणाऱ्या कॉलमवर किंवा ते मोजणाऱ्या डिटेक्टरवर घेतला जातो. कॉलम महाग असतो आणि डिटेक्टरची ज्योत विझली तर लगेच कळते, म्हणून असे होत असावे. माझा अनुभव वेगळा आहे. नमुना द्रवाचा वायू होणे, तो वाहून नेणाऱ्या कॅरिअर गॅसमध्ये मिसळणे आणि त्यातला किती हिस्सा कॉलममध्ये जायचा हे ठरणे, हा सगळा व्यवहार नमुना आत घेणाऱ्या इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत, म्हणजे लायनरमध्ये, क्षणभरात उरकतो. तिथे जे चुकते ते पुढे कॉलम दुरुस्त करू शकत नाही आणि डिटेक्टरही नाही. गेल्या गळीत हंगामात आमच्या यंत्रात एकामागे एक लपलेले दोन दोष निघाले. ते कसे सापडले हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण दुसऱ्या दोषाबद्दल आमच्या भागातल्या प्रयोगशाळांमध्ये फारसे कोणी बोलताना मी ऐकलेले नाही.

मी चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या पाण्यावर उभा असलेला हा उसाचा पट्टा आहे. हंगाम सुरू झाला की कारखाना, डिस्टिलरी आणि प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालतात. यंत्राच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून किंवा बेंगळुरूहून यायचा असतो आणि हंगामात त्याची वाट पाहण्याइतकी सवड नसते. त्यामुळे इंजेक्टर उघडणे, साफ करणे आणि पुन्हा बसवणे ही कामे इथल्या माणसांना यावीच लागतात.

आमच्याकडे येणारे नमुने एका जातीचे नसतात, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो. मळी आंबवून तयार झालेल्या वॉशमध्ये साधारण आठ ते दहा टक्के अल्कोहोल असते. तो प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित करून त्याचा अर्क आम्ही टोचतो. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या आसपास आणि ईएनएमध्ये, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोलमध्ये, ९६ टक्के असते. रेक्टिफायर कॉलमच्या तळातून निघणाऱ्या स्पेंट लीजमध्ये जवळजवळ सगळे पाणीच असते. या सगळ्यांत ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल, एन-प्रोपॅनॉल, आयसोब्युटॅनॉल आणि आयसोअमाइल अल्कोहोल किती आहे हे मोजायचे असते. त्यासाठी मेणासारख्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर असलेला कॅपिलरी कॉलम, ज्योतीचा डिटेक्टर म्हणजे एफआयडी आणि इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे नमुन्यात ठरल्या मात्रेत मिसळायचा तुलनेचा पदार्थ, म्हणून एन-पेंटॅनॉल, अशी आमची मांडणी आहे. रेक्टिफायरमधून फ्यूजल ऑइल, म्हणजे आयसोअमाइलसारख्या जड अल्कोहोलांचे मिश्रण, किती काढायचे हे ऑपरेटर आमच्या आकड्यांवरून ठरवतो. आकडा चुकला तर चूक कागदावर राहत नाही, टाकीपर्यंत जाते.

तक्रारही तिथूनच आली. डिस्टिलेशनवरचे एक जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, अहवाल हातात घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, फ्यूजल काढायचं वाढवू का कमी करू? सकाळचा आकडा एक सांगतोय, आताचा दुसराच. कॉलमवर तर मी काही बदललेलं नाही." त्यांच्या डिस्टिलेशनच्या कॉलमवर खरोखरच काही बदललेले नव्हते. जीसीच्या आलेखावर प्रत्येक घटकाचे एक शिखर उमटते आणि त्याच्या क्षेत्रफळावरून घटकाचे प्रमाण ठरते. एकच नमुना लागोपाठ टोचला तरी आयसोअमाइल अल्कोहोलच्या शिखराचे क्षेत्रफळ दर वेळी वेगळे येत होते आणि एकूण सगळीच शिखरे आधीपेक्षा लहान झाली होती.

अशा वेळी सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: बिघाड सगळ्या शिखरांत सारखा आहे की काहींतच आहे? सगळी शिखरे एकाच प्रमाणात लहान-मोठी होत असतील तर टोचलेले आकारमान बदलते आहे, म्हणजे सिरिंज तपासावी. उशिरा येणारी जड शिखरे तेवढी घटत असतील तर बाष्पीभवन अपुरे आहे किंवा नमुना कुठे तरी थंड पृष्ठभागावर अडकतो आहे. फक्त अल्कोहोलांच्या शिखरांना शेपूट येत असेल तर लायनर किंवा कॉलमचे तोंड सक्रिय झाले आहे, म्हणजे अल्कोहोले धरून ठेवू लागले आहे. सगळ्याच शिखरांना शेपूट असेल तर कॉलमचा काप वाईट आहे किंवा तो इंजेक्टरमध्ये चुकीच्या खोलीवर बसला आहे. आमच्या बाबतीत सगळी शिखरे घटली होती, मात्र सारख्या प्रमाणात नाही. टोचलेले आकारमान कमी-जास्त झाले तर पेंटॅनॉलही त्याच प्रमाणात कमी-जास्त होते आणि गुणोत्तर स्थिर राहते. इंटर्नल स्टँडर्ड ठेवण्याचे कारणच ते आहे. आमचे गुणोत्तरही हलत होते. सिरिंज बदलून पाहिली, फरक पडला नाही, आणि दोष सिरिंजच्या पलीकडे आहे हे नक्की झाले.

सुई जिच्यातून आत जाते ती रबराची चकती, म्हणजे सेप्टम, गळत असावा असा तर्क सगळ्यांनीच केला. मात्र एका सहकाऱ्याने रास्त आक्षेप घेतला की गळती असती तर शिखरे येण्याच्या वेळा, म्हणजे रिटेन्शन टाइम, पुढे सरकले असते, आणि ते तर जागच्या जागी आहेत. जुन्या, हाताने दाब लावायच्या यंत्रांवर हा आक्षेप योग्य ठरला असता. आमच्या यंत्रात इंजेक्टरचा दाब इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने राखला जातो. सेप्टममधून किंवा कॉलमचा जोड घट्ट बंद करणाऱ्या फेरूलमधून थोडा गॅस निसटू लागला की नियंत्रक, नमुन्याचा जास्तीचा भाग बाहेर सोडणाऱ्या स्प्लिट व्हेंटची झडप तेवढी आवळून दाब पुन्हा ठरल्या जागी आणतो. दाब तोच राहिल्यामुळे कॉलममधला प्रवाह तोच राहतो आणि वेळाही त्याच राहतात. नमुन्याची वाफ मात्र गळतीच्या वाटेने जाते, पडद्यावर लिहिलेले स्प्लिट गुणोत्तर, म्हणजे बाहेर सोडलेल्या आणि कॉलममध्ये गेलेल्या भागांचे प्रमाण, खरे राहत नाही आणि क्षेत्रफळे बिघडतात. वेळा स्थिर असणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे, हे आमच्या नव्या केमिस्टना मी आता पहिल्याच आठवड्यात सांगते.

याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाहेर पडणारा गॅस प्रत्यक्ष मोजणे. आमच्या पद्धतीत कॉलममधून मिनिटाला १ मिलिलिटर, सेप्टमखालून वाहणाऱ्या सेप्टम पर्जमधून ३ आणि स्प्लिट व्हेंटमधून ५० असा एकूण ५४ मिलिलिटर गॅस जायला हवा. साबणाच्या बुडबुड्याचा काचेचा फ्लोमीटर स्प्लिट व्हेंटच्या टोकाला लावला आणि स्टॉपवॉच धरले. बुडबुडा खुणेपासून खुणेपर्यंत जायला हवा त्यापेक्षा स्पष्टच जास्त वेळ घेत होता. यंत्र ५४ मिलिलिटर आत सोडत होते आणि तेवढे बाहेर येताना दिसत नव्हते. उरलेला गॅस कुठून तरी निसटत होता.

उघडण्यापूर्वीच्या काळजीबद्दल दोन वाक्ये लिहिते, कारण घाईत हेच राहून जाते. हायड्रोजन बंद करावा, ओव्हन आणि इंजेक्टर पूर्ण थंड होऊ द्यावेत, आणि त्या काळात कॉलममधून गॅस वाहता ठेवावा, कारण या जातीच्या कॉलमला गरम असताना हवा लागली तर त्याचा आतला थर खराब होतो. हातमोजे घालावेत, बोटांवरचे तेलसुद्धा पुढे शिखर होऊन दिसते.

सेप्टमचा नट काढला तेव्हा तो हाताने सुटला नाही, पान्हा लागला. कोणी तरी गळती थांबावी म्हणून तो करकचून आवळला होता. सेप्टम असा दाबला गेला की सुई त्याला भोक पाडून सरळ निघत नाही, दर वेळी रबराचा बारीक कण कोरून आत ढकलते. चिमट्याने लायनर वर काढून खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा आतल्या ग्लास वूलवर मिरपुडीसारखे कण साचलेले दिसले आणि ग्लास वूलचा गोळाही जागेवरून खाली सरकून एका बाजूला चेपला गेला होता. सिलिकॉनचे हे कण तापून स्वतःची वेगळी शिखरे देतात आणि नमुन्यातले घटक शोषूनही घेतात. सरकलेल्या ग्लास वूलमुळे सुईचे टोक पुसले जात नाही आणि नमुना पूर्ण बाष्प होण्याआधीच तळाच्या गोल्ड सीलवर थेंबाने आदळतो. जड घटकांचे प्रमाण बिघडण्याचे एक कारण तिथे डोळ्यांसमोर होते. नवा निष्क्रिय केलेला लायनर, नवी ओ-रिंग, नवा सेप्टम, आणि नट फक्त हाताने बेताचा आवळलेला, एवढे केले.

व्हेंटचा प्रवाह सुधारला, पण पूर्ण झाला नाही. हेलियम महागल्यापासून आम्ही कॅरिअर म्हणून नायट्रोजन वापरतो आणि त्यामुळे गळतीशोधक उपकरण इथे उपयोगी पडत नाही. ते वायूंच्या उष्णतावहनातल्या फरकावर चालते आणि नायट्रोजन व हवा यांत तो फरक जवळजवळ नसतोच. साबणाचे पाणी इंजेक्टरच्या जोडांवर कधीच लावू नये, ते आत ओढले जाते. म्हणून दाब धरून ठेवण्याची चाचणी केली. कॉलम काढून त्याच्या जागी बंद फेरूल लावला, स्प्लिट व्हेंट आणि सेप्टम पर्ज बंद केले, २५ पीएसआयपर्यंत दाब चढवून गॅस तोडला आणि आकड्याकडे पाहत बसलो. दाब जागचा हलला नाही. म्हणजे वरचा सगळा भाग आता ठीक होता. कॉलम परत जोडताच व्हेंटचा प्रवाह पुन्हा कमी भरला. गळती कॉलमच्या फेरूलपाशी होती.

तिचे कारण आमच्या कारखान्याच्या चालीतच होते. हंगामात आम्ही स्वतःच्या टर्बाइनच्या विजेवर असतो. टर्बाइन थांबली की बाहेरच्या विजेवर जावे लागते आणि मध्ये काही काळ पुरवठा तुटतो. यूपीएस संगणक सांभाळतो, ओव्हन आणि इंजेक्टरचे हीटर सांभाळत नाही. दर अशा बदलात इंजेक्टर थंड होतो आणि पुन्हा तापतो. ग्रॅफाइट आणि पॉलिइमाइड यांच्या मिश्रणाचा फेरूल अशा तापण्या-थंडावण्यात आकसतो आणि नट न फिरताही सैल पडतो. हा फेरूल नवा बसवला की सुरुवातीच्या काही तापवण्यांनंतर नट पुन्हा किंचित आवळावाच लागतो. शुद्ध ग्रॅफाइटच्या फेरूलला हा त्रास कमी, पण तो मऊ असल्याने त्याची पूड कॉलमच्या तोंडात जाण्याची भीती असते.

नवा फेरूल घातल्यावर कॉलमचे टोक कापावेच लागते, कारण फेरूल सरकवताना त्याचा चुरा आत गेलेला असू शकतो. सिरॅमिकच्या चकतीने कॉलमवर एकच हलका ओरखडा काढायचा आणि बोटाने वाकवून तोडायचा. करवतीसारखे घासायचे नाही. तोडलेले टोक भिंगाखाली पाहिले. पहिल्या कापाला एका बाजूला काचेचा टवका उभा राहिला होता, म्हणून पुन्हा कापला. दुसऱ्या वेळी कडा नाण्याच्या कडेसारखी सरळ आली. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे कॉलम फेरूलच्या टोकापुढे ४ ते ६ मिलिमीटर यायला हवा. तेवढे मोजून नटाच्या खाली वापरलेल्या सेप्टमचा एक तुकडा कॉलमवर सरकवून ठेवला, म्हणजे आवळताना कॉलम वर-खाली झाला तर लगेच दिसते.

यानंतर ईएनएमध्ये तयार केलेले स्टँडर्ड, म्हणजे घटकांचे प्रमाण आधीच माहीत असलेले मिश्रण, टोचले. व्हेंटमधून पूर्ण ५० मिलिलिटर येत होते आणि लागोपाठच्या इंजेक्शनांतला फरक दोन टक्क्यांच्या आत आला. स्पिरिटचे नमुनेही तसेच आले. काम संपले असे सगळ्यांना वाटले.

वॉशचा अर्क लावला आणि आकडे पुन्हा इकडे-तिकडे झाले. त्यातच रात्रपाळीला असलेल्या अथणीकडच्या सहायकाने सकाळी पहिली बातमी दिली, "अक्का, ब्लँकमध्येपण पीक येतंय. आयसोअमाइलच्याच वेळेला." मला त्याचे हे निरीक्षण फार मोलाचे वाटते, कारण कोणी सांगितलेले नसताना त्याने वॉशनंतर ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचा रन, चालवून पाहिला होता.

ब्लँकमध्ये येणारे भुताचे शिखर कुठून येते हे पायरीपायरीने वेगळे काढता येते. सुई न टोचता नुसता ओव्हनचा प्रोग्राम चालवला, तरी शिखर आले. म्हणजे सिरिंज आणि धुण्याचा द्रव दोन्ही सुटले. सेप्टममधून निघणारी सिलिकॉनची शिखरे जास्त तापमानाला, सारख्या अंतराने ओळीने येतात. आमची दोनच होती, नेमकी आयसोअमाइल आणि पेंटॅनॉलच्या जागी. स्पिरिटनंतर ती येत नव्हती, वॉश किंवा लीजनंतर येत होती आणि पुढच्या प्रत्येक रिकाम्या रनमध्ये लहान होत जात होती. नमुन्यातलाच भाग इंजेक्टरभोवती कुठे तरी जाऊन बसत होता आणि हळूहळू परत येत होता. प्रश्न राहिला तो एवढाच की पाण्याच्या नमुन्यांतच असे का व्हावे.

त्याचे उत्तर हिशेबात होते. एक मायक्रोलिटर इथेनॉल २०० अंश सेल्सिअसला आणि १० पीएसआय दाबाला वाफ झाले की साधारण ४०० मायक्रोलिटर जागा व्यापते. तेवढ्याच पाण्याची वाफ मात्र १२८० मायक्रोलिटरच्या आसपास होते, कारण पाण्याचा रेणू हलका असल्याने एका मायक्रोलिटरमध्ये इथेनॉलच्या तिपटीहून अधिक रेणू असतात. आमचा लायनर आतून ४ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर लांबीचा. त्यात पूर्ण भरूनही हजार मायक्रोलिटर मावत नाहीत आणि त्यातली काही जागा ग्लास वूल घेते. हा हिशेब समुद्रसपाटीचा आहे. आमचा भाग सहा-सातशे मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी पडतो आणि वाफ आणखी चार-पाच टक्के फुगते. स्पिरिट लायनरमध्ये आरामात मावत होते, आणि नव्वद टक्के पाणी असलेला अर्क प्रत्येक वेळी लायनरमधून उतू जात होता. ती वाफ वर चढून सेप्टम पर्जच्या आणि कॅरिअर गॅसच्या थंड नळ्यांत शिरत होती, जड अल्कोहोले तिथे द्रव होऊन बसत होती आणि पुढच्या रनमध्ये परत येत होती. शिवाय वाफेच्या या धक्क्याने इंजेक्टरचा दाब क्षणभर उसळतो आणि स्प्लिट गुणोत्तर दर वेळी थोडे वेगळे होते. एफआयडीला पाणी दिसत नाही, त्यामुळे एवढा मोठा प्रकार घडत असताना क्रोमॅटोग्रामवर त्याची खूण म्हणून काहीच उमटत नाही. इथेनॉलमध्ये केलेले स्टँडर्ड बिनचूक येत राहते आणि यंत्र निर्दोष असल्याची खात्री देत राहते, ही गोष्ट मला सर्वांत घातक वाटते.

मग आधी सफाई केली. इंजेक्टरचा वरचा भाग त्याच्या नळ्यांसह काढून ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवला, नायट्रोजनने वाळवला आणि कॉलम जोडण्याआधी इंजेक्टर तापवून गॅस सोडून ठेवला. सफाईला मिथेनॉल मुद्दाम वापरले नाही, कारण तेच आम्हाला मोजायचे असते. स्प्लिट व्हेंटवरचा कोळशाचा ट्रॅपही बदलला. तो तुंबला तर झडप पूर्ण उघडूनही गॅस बाहेर जात नाही आणि दाब ठरल्यापेक्षा वर जातो. आमचा अजून त्या थराला गेला नव्हता, पण ओलसर वाफ पिऊन जड झाला होता.

पद्धतीत काय बदलायचे यावर आमच्यात चर्चा झाली. इंजेक्टरचे तापमान उतरवावे असे एकाचे मत होते. ३० अंश उतरवले तरी वाफेचे आकारमान सहा टक्क्यांच्या आसपासच घटते आणि आयसोअमाइलचे बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे ते मी मान्य केले नाही. पाण्याच्या नमुन्यांसाठी आकारमान अर्ध्या मायक्रोलिटरवर आणले, म्हणजे वाफ सहाशे-साडेसहाशे मायक्रोलिटर होते आणि लायनरमध्ये बसते. कॉलमवर जाणारी मात्रा तेवढीच राहावी म्हणून स्प्लिट ५०:१ वरून २५:१ केला. अर्धा मायक्रोलिटर १० मायक्रोलिटरच्या सिरिंजने नेमका घेता येत नाही, म्हणून ५ मायक्रोलिटरची सिरिंज लावली. टोचण्याच्या क्षणी दाब थोडा वेळ २५ पीएसआयपर्यंत चढवून पुन्हा खाली आणण्याची सोय यंत्रात होती, तीही सुरू केली. त्याने वाफ आणखी दाबली जाते. आणि अर्कासाठी स्टँडर्ड आता आम्ही दहा टक्के अल्कोहोल असलेल्या पाण्यातच करतो, म्हणजे स्टँडर्ड आणि नमुना इंजेक्टरमध्ये सारखेच वागतात.

वॉशचे आकडे स्थिरावले, रिकाम्या रनमधली शिखरे गेली आणि मामांनी फ्यूजलची झडप आमच्या आकड्यांवर पुन्हा विश्वास ठेवून फिरवायला सुरुवात केली. स्पेंट लीजचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. त्यात अल्कोहोल अगदी अल्प असते, ते दिसण्यासाठी जास्त नमुना टोचावासा वाटतो आणि नेमके तेच करता येत नाही. सध्या त्यासाठी स्प्लिट १०:१ ठेवून काम भागवतो. अशा नमुन्याला हेडस्पेस सॅम्पलर हवा, ज्यात बंद कुपी तापवून तिच्यातल्या द्रवावरची वाफ तेवढी टोचली जाते आणि बहुतेक पाणी कुपीतच राहते. त्याची मागणी कारणांसह आणि वरच्या हिशेबासह व्यवस्थापनाकडे दिली आहे.